बंद रस्त्यावरचा कडुलिंब

सिंगापुरात डोंगर नाहीत. जे आहेत त्यांना इथले लोक माउंट म्हणतात, पण आमच्या जावळीकडचा माणूस त्यांना टेकाड म्हणतानासुद्धा जरा विचार करील. क्वीन्सटाउनमधल्या आमच्या ब्लॉकपासून सायकलनं दहा मिनिटांवर असंच एक टेकाड आहे. त्याच्यावर वळणं घेत एक रस्ता जातो. दोन्ही बाजूंना दाट झाडी, वर पोचलं की एक सपाट जागा, आणि तिथून खाली बंदरातली जहाजं दिसतात. गेल्याच्या आदल्या डिसेंबरात पावसानं त्या रस्त्याकडेची माती घसरली आणि दुरुस्तीसाठी रस्ता गाड्यांना बंद झाला, तो थेट चैत्र संपेपर्यंत. पायी जाणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मात्र मोकळीक होती.

त्या चार महिन्यांत मी सायकल शिकले. वय वर्षं अडतीस.

मी इथं एका मराठी घरात कामाला आहे, राहायलाही तिथंच. ताई नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरचं काम बघतात, दादा घराजवळच्याच एका ऑफिसात जातात, आणि त्यांची नऊ वर्षांची लेक माझ्या ताब्यात असते. तिच्या मते मी तिच्या ताब्यात असते. ताई माझ्याहून लहान, तरी मला मावशी म्हणतात आणि अहो-जाहो करतात. पहिल्या दिवशी "मावशी, तुम्ही आधी चहा घ्या," म्हणाल्या तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं, कोण आलंय म्हणून.

इथं घरकामाला येणाऱ्या बाईचं आठवीपर्यंत तरी शिक्षण झालेलं असावं लागतं. माझं बरोबर आठवीपर्यंत झालंय. नववीचा वर्ग आमच्या गावात नव्हता, तो होता घाटापलीकडं, तालुक्याला. पोरं सायकलनं जायची. चढाला ढकलत, उताराला पाय वर करून बोंबलत. एसटी होती ती दुपारची आणि शाळा सकाळची. मी वडलांना म्हटलं, मी शिकते की सायकल. ते म्हणाले, "घाटात ट्रक असतात, बाई. ट्रक कुणाचा पाव्हणा नसतो." विषय संपला. वडील वाईट नव्हते, घाबरट होते, आणि तो गुण माझ्यात पुरेपूर उतरलाय. शाळेनं मला शाळा सोडल्याचा दाखला दिला. पुढं वीस वर्षांनी तोच दाखला लॅमिनेट करून मी विमानात बसले. शाळा सोडल्याच्या कागदावर परदेशात काम मिळतं, हे वडलांना सांगायचं राहून गेलं. तोवर ते नव्हते.

त्या वर्षी माझं परमिट संपत आलं होतं. दर दोन वर्षांनी ते वाढवून घ्यावं लागतं. ताईंनी मार्चमध्ये अर्ज भरला होता आणि उत्तर यायचं होतं. माझी मुलगी तेव्हा कराडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचा बाप ती चार वर्षांची असतानाच गेला. तिचं शिक्षण पुरं व्हायला अजून दोन वर्षं लागणार होती, म्हणून मलाही इथं दोन वर्षं हवी होती. तिची दोन आणि माझी दोन, एकाच दाव्याला बांधलेली. ते दावं तुटलं तर दोघी परत गावात, आणि तिच्याही हातात सोडल्याचा दाखला. हे मी रोज पोळ्या लाटताना मनात घोळवायचे. ताई म्हणायच्या, "मावशी, पोळीला कोपरे आले की मला कळतं, तुमचं परमिट चाललंय डोक्यात."

माझ्या भीतीला एक कारणही होतं. इथं नव्यानं आलेल्या बायकांना एका दिवसाचा वर्ग असतो. शाळा सुटल्यावर मी पहिल्यांदा बाकावर बसले ती त्या दिवशी. इतका आनंद झाला की शिकवणाऱ्या बाईंचा शब्दन् शब्द पाठ केला. खिडकीबाहेर वाकायचं नाही. जाळीचं कुलूप उघडायचं नाही. खाली काही टाकायचं नाही. नियमांची माझी उजळणी इतकी पक्की की ताईंच्या लेकीनं माझं नाव पोलीस मावशी ठेवलं होतं. ती रस्त्यात च्युइंगमचा विषय काढून मला मुद्दाम छळायची. इथं ते विकतसुद्धा नाहीत.

सायकल ताईंची. फिकट हिरवी, पुढं टोपली. करोनाच्या दिवसांत हौसेनं घेतलेली आणि मग कुंड्यांच्या शेजारी उभी राहून राहून कुंडीच झालेली. टोपलीत मी कांदे ठेवायचे. जानेवारीतल्या एका रविवारी लेकीनं ते कांदे ओट्यावर ओतले आणि फर्मान काढलं, "मावशी, टुडे यू लर्न."

"मला नाही जमायचं गं. हाडं मोडली तर परमिटच्या मेडिकलमध्ये नापास करतील."

"कॅन लाऽ!" इथले लोक बोलण्याच्या शेवटी असं लाऽ लावतात. "मी फाइव्ह इयर्सची असताना शिकले."

"तू लहान होतीस. लहानपणी पडलं की जमीन जवळ असते."

तिनं ऐकलं नाही. आधी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, मग कार पार्कच्या कडेनं, आणि फेब्रुवारीत तिनं मला टेकाडाच्या रस्त्यावर नेलं. खाली केशरी अडथळे लावलेले होते. बाजूला माणूस आणि सायकल जाईल एवढी वाट ठेवलेली. रविवारी दुरुस्तीचं काम बंद असे. आत शिरलं की मागच्या मोठ्या रस्त्याचा आवाज पहिल्या वळणाला कमी व्हायचा आणि दुसऱ्या वळणाला गप्प व्हायचा. मग फक्त पाखरं, आणि माझ्या सायकलची चेन.

पहिल्या दिवशी मी त्या रस्त्याच्या मधोमध सायकल धरून नुसती उभी राहिले. घाट आहे आणि ट्रक नाही. मागून हॉर्न नाही, पुढून डिपर नाही. वडलांनी सांगितलेलं कारण कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. चोवीस वर्षं उशिरा का होईना.

"मावशी, क्रायिंग आ?"

"डोळ्यात काहीतरी गेलं."

"सिटवर बस मग. लुक फ्रंट! चाकाकडं नको बघूस, चाक कुठं पळून जात नाही."

दर रविवारी सकाळी आम्ही जायचो. माझा सुट्टीचा दिवस, आणि तिचा मला छळण्याचा. पुढं तिचे चित्रकलेचे वर्ग सुरू झाले तेव्हा मी एकटीच जायला लागले. चढ तसा सोसण्याजोगा होता. फक्त शेवटचं वळण मोठं खट. तिथं आलं की मांड्या पेटायच्या, सायकल डुलायला लागायची, आणि मी उतरून ढकलत वर जायचे. त्या वळणाच्या वर एक सिमेंटचा बाक होता. बाकावर एक म्हातारे चिनी अंकल बसलेले असायचे. पांढरा बनियन, खाकी चड्डी, मांडीवर छोटा रेडिओ. कधी ते फोननं झाडांचे फोटो काढत. कारण इथं फेब्रुवारीचं कोरडं ऊन पडून गेलं की मार्चमध्ये झाडं अशी फुलतात की फांदीला पान दिसत नाही, नुसतं गुलाबी आणि पांढरं. इथल्या लोकांना ऋतू नाहीत असं कोण म्हणतं? त्यांचा वसंत पंधरवड्याचा असतो, एवढंच.

अंकल माझ्याकडं बघायचे, मी सायकल ढकलत त्यांच्या समोरून जायचे. बोलणं काही नाही. मला त्यांची लाज वाटायची. शाळेत फळ्यापाशी उत्तर न येता उभं राहिल्यासारखं.

पाडवा त्या वर्षी रविवारी आला. आदल्या संध्याकाळी ताई लिटल इंडियातून हार, साखरेच्या गाठी, आंब्याची पानं घेऊन आल्या आणि पिशवी टेबलावर आपटून म्हणाल्या, "कडुलिंब संपला! सगळा! तेलुगू मंडळींचा उगादी पण उद्याच ना. दुकानदार म्हणे दुपारीच गेला."

दादा म्हणाले, "बरं झालं. एक वर्ष तोंड कडू होणार नाही."

"गुढीला लागतो हो. नुसती आंब्याची पानं काय, लग्नाचा मांडव आहे?"

ताईंचा चेहरा उतरला. दिवसभर राबून आलेल्या. त्या चेहऱ्याकडं बघून मी म्हणून गेले, "मी बघते सकाळी. मिळेल कुठंतरी."

खरं तर कुठं मिळेल ते मला माहीत होतं. शेवटच्या वळणाच्या वर, बाकाच्या पलीकडं, एक कडुलिंब उभा होता. परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसा तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी त्याच्या खोडाला हात लावून आले होते.

सकाळी सातला निघाले. इथं तेव्हाच उजाडतं. मनात एकच, नऊच्या आत गुढी उभी राहिली पाहिजे. त्या घाईत असेन, किंवा सणाचा दिवस म्हणून असेल, शेवटच्या वळणाला मी उतरायचं विसरले. उभी राहून पायडल मारत होते, तोंडानं "चल, चल, चल," असं सायकलला की स्वतःला म्हणत होते, आणि मग एकदम पाय हलके झाले. बघते तर सपाटी. मी वर होते. बसल्या बसल्या. जहाजं खाली होती.

मी मोठ्यानं हसले. उतरले, सायकल स्टँडवर लावली, आणि समोर कडुलिंब. पांढऱ्या बारीक फुलांचे घोस लागलेले, तो वास, तोच. मी काही विचार केला नाही. गावाकडं पाडव्याच्या सकाळी जसा हात वर जातो तसा गेला. एक डहाळी, दुसरी, तिसरी. कट्, कट्, कट्.

तिसऱ्या कट्‌ला मी वळले.

बाकापाशी अंकल उभे होते. हातात फोन, माझ्या दिशेनं उंच धरलेला. मग त्यांनी दुसरा हात वर करून हलवला आणि काहीतरी ओरडून सांगितलं.

माझ्या हातात डहाळ्या. माझ्या डोक्यात तो एका दिवसाचा वर्ग. सार्वजनिक झाडाला हात लावायचा नाही, हे त्यात होतं? होतं की नव्हतं? सगळं पाठ केलेली मी, आणि नेमकं तेवढंच आठवेना. मग आठवलं की ताईंची लेक शाळेतून एक चित्र घेऊन आली होती. फूल तोडणारा हात, त्याच्यावर लाल फुली. मी डहाळ्या टोपलीत टाकल्या आणि उतारावरून अशी सुटले की ब्रेक दाबायचा असतो हे दुसऱ्या वळणाला सुचलं. आयुष्यात पहिल्यांदा असा सुसाट घाट उतरत होते तो पळून जाताना.

घरी ताईंनी माझ्या हातातून डहाळ्या घेतल्या आणि चक्क वास घेतला. "अगंबाई! फुलांसकट! मावशी, कुठून आणलात?"

"मिळाला," मी म्हटलं.

आमच्या ब्लॉकला स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कपडे वाळत घालायच्या बांबूसाठी नळ्या बसवलेल्या आहेत. गुढी तिथंच लागते. खिडकीची जाळी दादांनी उघडली, मी दोन पावलं मागं उभी. तांब्या पडून खाली कुणाच्या डोक्यात बसू नये म्हणून दादांनी तो इतक्या दोऱ्यांनी बांधला की लेक म्हणाली, "बाबा, गुढीला फ्रॅक्चर झालंय का?" आणि मग ती गुढी चौथ्या मजल्यावरून बाहेर गेली. जरीचं हिरवं कापड, हार, गाठी, आणि सगळ्यांवर झुलणाऱ्या माझ्या तीन डहाळ्या. चोरीचा माल झेंडा करून लावला होता. खालच्या रस्त्यावरून, बस स्टॉपवरून, समोरच्या ब्लॉकमधून, कुठूनही दिसत होता. ताईंनी कडुलिंबाची चटणी वाटली, गूळ घालून. सगळ्यांनी तोंड वेडंवाकडं करून खाल्ली. मला त्या दिवशी ती कडू लागलीच नाही. जिभेला काही कळतच नव्हतं.

"मावशी, सणाचं असं का बसलाय?"

"दमले जरा."

संध्याकाळी गुढी उतरेपर्यंत मी नऊ वेळा खिडकीपाशी जाऊन आले.

पुढचे तीन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. अंकलनी फोटो काढलाय. फोटोत माझं तोंड आहे, हातात फांदी आहे. इथले लोक असे फोटो सरकारी ऑफिसात पाठवतात, मी ऐकलेलं. मग ते बघतील ही बाई कोण, परमिटवरची, आणि अर्ज तर समोरच पडलेला. लिफ्टचा टिंग आवाज आला की मी गॅस बारीक करायचे. दारावर बेल वाजली की आधी पायांकडं बघायचे, बूट आहेत का चपला. सोमवारी पार्सलवाला आला, त्यानं सही मागितली, तर मी माझं नाव दोनदा चुकवलं. तो म्हणाला, "आंटी, ओके?" मंगळवारी मुलीचा फोन आला. ती त्यांच्या वॉर्डातल्या गमती सांगत होती. सुईला भिणारे पैलवान, असलं काहीतरी. मी हूं हूं करत होते आणि मनात म्हणत होते, पोरी, तीन डहाळ्यांपायी मी तुझी दोन वर्षं मोडली.

बुधवारी ताई लवकर आल्या. पर्स ठेवली आणि म्हणाल्या, "मावशी, जरा बसा. तुमच्या परमिटचं—"

"मी तोडला," मी म्हणाले.

"काय?"

"कडुलिंब. टेकाडावरच्या झाडाचा. विकत नाही आणला. एका अंकलनी माझा फोटो काढला, हाक मारली, आणि मी पळाले. ताई, मला पाठवणार ना परत? मी आधीच सांगायला हवं होतं. तुमच्यावर काही येणार नाही, मी सांगेन मीच तोडला म्हणून." हे सगळं एका श्वासात. आणि मग रडू.

ताईंनी खुर्ची ओढली. मग हळूच म्हणाल्या, "मी म्हणत होते, तुमच्या पासपोर्टचा फोटो पुन्हा काढायला लागेल. पहिला अंधुक आलाय."

एवढंच होतं.

त्यांनी मला पाणी दिलं. मग फोन काढून बराच वेळ वाचत बसल्या. मी त्यांच्या भुवयांकडं बघत होते. शेवटी म्हणाल्या, "नियम आहे खरा, मावशी. तोडायचं नसतं. दंड होऊ शकतो. पण तीन डहाळ्यांसाठी कुणी परमिट रद्द केल्याचं मला तरी कुठं दिसत नाही." त्या ‘दिसत नाही’ला मी धरून बसले, पण ‘तरी’नं मला पुन्हा ढकललं. ताईंनाही ते कळलं असावं. "ओरडू की काय करू तेच कळत नाही. मीच तोंड पाडून बसले होते त्या कडुलिंबासाठी. आणि खाल्ला तर आपण सगळ्यांनीच."

आतून लेकीचा आवाज आला. ती दाराआडून सगळं ऐकत होती. "वी ऑल एट द एव्हिडन्स, लाऽ! पोलीस मावशीला कोण पकडणार?"

"गप्प बस," ताई म्हणाल्या, पण त्यांचे ओठ हलले. मग माझ्याकडं वळून, "रविवारी आपण तिघी जाऊ. ते अंकल भेटले तर विचारू. त्यांनी कळवलं असेल तर आपणही कळवू, आणि नसलं कळवलं तरी कळवू. झालं ते सांगून मोकळं व्हायचं."

मला वाटलं होतं त्या चिडतील. चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या मला म्हणाल्या, "आणि तीन दिवस हे एकटीनं डोक्यात घेऊन पोळ्या केल्यात? मी विचार करत होते, कोपरे का वाढलेत."

रविवारी ताई चालत, लेक तिच्या सायकलवर, आणि मी माझी सायकल ढकलत. त्या दिवशी बसायची हिंमत नव्हती. गुलाबी फुलांचा सडा रस्त्यावर पडला होता, गाडी नाही म्हणून कुणी चिरडलेला नाही. शेवटच्या वळणावरून मला रेडिओ ऐकू आला आणि मी ताईंच्या मागं झाले.

अंकलनी मला बघितलं आणि ते ताडकन उठले. "अय्या! यू!" माझ्याकडं बोट. "व्हाय यू रन? आय कॉल यू, शो यू फोटो, यू रन! लाइक आय पोलीस लाइ’ दॅट!"

ताई पुढं होऊन काही बोलणार, तोवर अंकलनी खिशातून फोन काढला. चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोटानं एकेक फोटो सरकवायला लागले. फूल, फूल, फूल, जहाज, फूल. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून फुलं मोजत होते. मग त्यांचं बोट थांबलं आणि त्यांनी फोन माझ्या समोर धरला.

"एव्हरी संडे यू पुश. पुश, पुश, पुश. आय थिंक, अय्यो, धिस लेडी, व्हेन? धिस वन," त्यांनी काचेवर टकटक केलं, "फर्स्ट टाइम नो पुश!"

फोटोत वळण होतं. वळणावर मी होते, सायकलवर, उभी राहून पायडल मारत असलेली. मी आधी माझं तोंड बघितलं नाही. मी टोपली बघितली. टोपली रिकामी होती. पुन्हा बघितली, फोन जवळ ओढून, दोन बोटांनी मोठी करून. काही नव्हतं तिच्यात. कडुलिंब तर चित्रात आलाच नव्हता, तो मागं राहिला होता, त्यांच्या पाठीमागं. मग मी माझं तोंड बघितलं. दात बाहेर, पदर खोचलेला असल्यासारखी ओढणी कमरेला बांधलेली, डोळे बारीक. मी अशी दिसते हे मला माहीत नव्हतं.

मी मटकन त्या सिमेंटच्या बाकावर बसले. इतकं बरं वाटत होतं की हसावं की काय करावं कळेना. ताईंनी खांद्यावर हात ठेवला. लेक म्हणाली, "ओन्ली फोटो! मावशी, यू सो ड्रामा."

पण सांगायचं ते सांगायचंच होतं. मी झाडाकडं बोट केलं आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "अंकल, आय टेक. थ्री. फेस्टिव्हल." पुढचं ताईंनी सांगितलं. अंकलनी झाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तोंड लांब केलं. "कॅनॉट, हं. नेक्स्ट टाइम कॅनॉट. एव्हरीबडी टेक थ्री, ट्री बोटक." बोटक म्हणजे टकला, लेकीनं मला नंतर सांगितलं. मग ते बाकावर टेकले आणि म्हणाले की ते लहान असताना कांपोंगात, म्हणजे इथल्या जुन्या खेड्यात, राहायचे तेव्हा त्यांना कांजिण्या आल्या होत्या. शेजारच्या इंडियन आंटीनं ह्याच झाडाची पानं आणून त्यांच्या अंथरुणावर पसरली होती. "व्हेरी इची. आफ्टर दॅट, नॉट सो इची." पानांनी खाज कमी झाली, एवढं सांगून त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. बोलणं संपलं होतं.

त्या संध्याकाळी ताईंनी झाडांचं बघणाऱ्या ऑफिसला मेल लिहिला. मी शेजारी बसून, "तीनच लिहा, पण बारीक होत्या असं नका लिहू, उगाच सारवल्यासारखं दिसतं," असं करत होते. चार दिवसांनी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, पुन्हा तोडू नका, पानं बाजारात मिळतात. ताईंनी ते दोनदा मराठीत वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मी मागितलं तेव्हा त्यांनी फोनच माझ्या हातात दिला.

फोटो अंकलनी ताईंच्या फोनवर पाठवला, तो मी मुलीला पाठवला. फोनवर तिचा आवाज आला, "आई! ही तू? तोंड बघ केवढं उघडलंय! आणि मागं ट्रक कसा नाही गं एकही?" ती आमच्याच घाटातली पोर. तिला पहिलं तेच दिसलं.

परमिट वाढल्याचं एप्रिलच्या शेवटी आलं. दोन वर्षं. ताईंनी ऑफिसातून फोन करून सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते. हात धुवायचंही सुचलं नाही. फोन अजून कडेनं कणकेचा आहे. आणि त्याच आठवड्यात रस्ता गाड्यांना उघडला. मी रविवारी सवयीनं गेले तर केशरी अडथळे नव्हते. गाड्या एकामागून एक वर जात होत्या, काचा लावलेल्या. मी खाली थोडी थांबले. वर जायला कुणी अडवलं नसतं, पण मी वळले. आता मी आणि लेक कधी रविवारी होडीनं पुलाउ उबीन बेटावर जातो. तिथं मोटारी फार थोड्या, चढ आहेत, आणि कुणाचीतरी कोंबडी हमखास आडवी येते.

यंदाच्या पाडव्याला ताई चार दिवस आधीच लिटल इंडियात जाऊन आल्या. मी फ्रिज उघडला तर भाजीच्या कप्प्यात कडुलिंबाच्या पाच जुड्या, कोथिंबिरीला जागा नाही. वर प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीवर दुकानाची पावती चिकटपट्टीनं चिकटवलेली. पावतीखाली लेकीनं लाल स्केचपेननं, माझ्यासाठी म्हणून मुद्दाम मराठीत लिहिलं होतं: पोलीस मावशी, हा विकतचा आहे. खा.